कैगाचा घुमट: ड्रॉइंगप्रमाणे सगळं बरोबर होतं आणि तरीही १३० टन काँक्रीट खाली आलं

साइटवर क्यूसीला, म्हणजे क्वालिटी कंट्रोलला, लागणाऱ्या नवीन पोरांना मी ही केस नेहमी सांगतो, कारण अणुभट्टीच्या सेफ्टीची गोष्ट निघाली की सगळे चेर्नोबिल, फुकुशिमा वगैरेवर जातात. म्हणजे भट्टी चालू झाल्यावर काय झालं ते. आणि ही केस भट्टी चालू व्हायच्या आधीची आहे, आत इंधनाचा एक तुकडाही नव्हता, रेडिएशनचा प्रश्नच नव्हता, निव्वळ सिव्हिलचं काम. तरी माझ्या मते आपल्याकडच्या अणुऊर्जेच्या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा अपघात आहे आणि बऱ्याच सिव्हिलवाल्यांनासुद्धा तो माहीत नाहीये.

तर झालं असं. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, कारवारपासून आत काळी नदीच्या काठाने गेलं की जंगलात कैगा लागतं. गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. तिथे १९८९ मध्ये २२० मेगावॉटच्या दोन युनिटचं बांधकाम सुरू झालं. विरोध भरपूर होता, एवढा की कन्नडमधले दिग्गज लेखक शिवराम कारंत म्हातारपणी, ऐंशीच्या पुढे गेल्यावर, १९८९ ची लोकसभा निवडणूक ह्या मुद्द्यावर कारवारमधून लढले आणि हरले. प्रकल्प पुढे गेला. १९९४ च्या मे महिन्यापर्यंत पहिल्या युनिटचा आतला घुमट ओतून झाला होता आणि केबलचं आणि त्यानंतरचं काम चाललेलं. १३ मे ला घुमटाच्या खालच्या बाजूचं काँक्रीट सुटलं आणि जवळजवळ ३० मीटर उंचीवरून साधारण १३० टन माल खाली आला. १४ कामगार जखमी झाले.

आता हा घुमट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. आपल्या ह्या जातीच्या, जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांना दुहेरी कंटेनमेंट असते, म्हणजे भट्टीभोवती एक आतली बिल्डिंग आणि तिच्याभोवती दुसरी बाहेरची. बाहेरची साध्या आरसीसीची, आतली प्रीस्ट्रेस काँक्रीटची. उद्या भट्टीतला गरम पाण्याचा मोठा पाइप फुटला, वाफ बाहेर आली, तर ते सगळं प्रेशर आतल्या बिल्डिंगने धरून ठेवायचं, किरणोत्सर्गी माल बाहेर जाऊ द्यायचा नाही. काँक्रीटला दाब चालतो पण ताण चालत नाही, म्हणून आत डक्ट, म्हणजे पोकळ नळ्या, टाकून त्यातून स्टीलच्या केबल ओवतात, जॅक लावून खेचतात आणि काँक्रीटला आधीच दाबून ठेवतात. मग आतून प्रेशर आलं की तो दाब कमी होतो, एवढंच, तडा जात नाही. आयडिया एकदम मस्त आहे, फ्लायओव्हरच्या गर्डरमध्ये रोज वापरतो आपण.

पण गर्डर बराचसा सरळ असतो आणि घुमट गोल असतो, आणि सगळी गंमत तिथेच आहे. वळणावर बसलेली केबल खेचली की ती आतल्या बाजूला ढकलते. हिशेब शाळेतला आहे, केबलमधला ताण भागिले वळणाची त्रिज्या. समजा केबलमध्ये २०० टन आहेत आणि त्रिज्या ४० मीटर, तर केबलच्या प्रत्येक मीटरला ५ टन आत ढकलणारा जोर आला. हे आकडे मी समजवायला घेतलेत, कैगाचे नाहीत. आता केबल घुमटाच्या जाडीत साधारण मध्ये बसलीये असं धरा. केबलच्या खालचं काँक्रीट तिच्यामुळे आत दाबलं जातं, ठीक आहे. पण केबलच्या वरचं काँक्रीट? तेही दाबाखाली आहे, आणि दाबाखाली असलेला वाकडा थर बाहेरच्या बाजूला उसळायला बघतो. म्हणजे एक पदर आत चाललाय आणि एक बाहेर, आणि दोघांना धरून ठेवणारं मध्ये काय आहे तर फक्त काँक्रीटची स्वतःची ताण सहन करायची ताकद, जी दाबाच्या ताकदीच्या साधारण एक दशांश असते. ह्याला रेडियल टेन्शन म्हणतात. त्यात नेमक्या त्याच पातळीवर डक्ट आहेत, म्हणजे काँक्रीट तिथे सलग नाहीच, जिथे डक्ट तिथे पोकळी. डक्टमध्ये ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरेपर्यंत तर खरी पोकळी. जाडीच्या दिशेने बांधून ठेवणाऱ्या सळ्या नसतील तर घडीच्या पोळीसारखे पदर सुटतात. आणि एकदा सुटले की केबलचा सगळा आत ढकलणारा जोर एकट्या खालच्या पदरावर येतो.

कैगाच्या घुमटात अजून एक भानगड होती. स्टीम जनरेटर, म्हणजे भट्टीच्या उष्णतेवर वाफ करणारी मोठी यंत्रं, आत उतरवायला घुमटाला मोठी भोकं ठेवलेली. भोक आलं की केबल सरळ जाऊ शकत नाही, वळसा घालते, भोकाच्या बाजूला केबलची गर्दी होते, तिथे जाडीही बदलावी लागते. वळण बदललं की जोर बदलतो, गर्दी झाली की काँक्रीट कमी उरतं. चौकशीत बोट गेलं ते इथेच, डिझाइनकडे, रेडियल टेन्शनचा नीट विचार झालेला नव्हता.

आता मूळ मुद्दा. तपासणी काय करत होती?

बांधकाम चालू असलेल्या अणुभट्टीची तपासणी म्हणजे लोकांना वाटतं कोणीतरी मीटर घेऊन फिरतं. तसं काही नसतं. तपासणी म्हणजे ९० टक्के कागद आणि १० टक्के टॉर्च. प्रत्येक ओतकामाच्या आधी पोअर कार्ड भरायचं, सळ्यांचं अंतर, कव्हर म्हणजे सळीवरच्या काँक्रीटची जाडी, डक्ट जागेवर आहे का, कुठे दबला किंवा फाटला नाही ना, शटरिंग म्हणजे साचा, स्टेजिंग म्हणजे त्याखालचे टेकू, सगळ्यावर सह्या. काही ठिकाणी होल्ड पॉइंट, म्हणजे त्या माणसाची सही आल्याशिवाय पुढे जायचंच नाही. ओतताना स्लंप, म्हणजे काँक्रीट किती पातळ आहे ते, मग २८ दिवसांची क्यूब टेस्ट, म्हणजे काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडायचा. नंतर स्ट्रेसिंग म्हणजे केबल खेचणं, जॅकचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, प्रेशर किती दिलं, केबल किती लांबली, ती हिशेबातल्या लांबीशी जुळते का. मग ग्राउटिंग. काही चुकलं की एनसीआर, म्हणजे चुकीची लेखी नोंद, फाटतो आणि तो बंद होईपर्यंत सगळे एकमेकांना मेल आणि शिव्या घालतात, त्या काळात मेलच्या जागी पत्रं.

ह्यातली एकेक टेस्ट घ्या आणि कैगाच्या घुमटाला लावून बघा. क्यूब दाबाची ताकद सांगतो, इथे काँक्रीट फाटलं ताणाने. केबलची लांबी सांगते की केबलमध्ये ताण बरोबर आलाय, आणि इथे केबलचा ताण जितका बरोबर तितकं पदर सुटायचं कारण पक्कं. डक्टची जागा ड्रॉइंगप्रमाणे आहे का, तर ड्रॉइंगमध्येच गर्दी असेल तर साइटवर ती गर्दी इमानदारीने उतरणार. म्हणजे ह्या सगळ्या टेस्टचे निकाल एकदम क्लीन येऊ शकतात आणि तरी घुमट पडू शकतो, कारण प्रत्येक टेस्ट एकच प्रश्न विचारते की बांधलं ते ड्रॉइंगप्रमाणे आहे का. ड्रॉइंग बरोबर आहे का हा प्रश्न साइटवर कोणाच्याच चेकलिस्टमध्ये नसतो. त्यावर गुड फॉर कन्स्ट्रक्शनचा शिक्का बसला की साइटच्या लेखी ती दगडावरची रेघ. मी पोस्ट टेन्शनिंगच्या, म्हणजे अशा केबल खेचायच्या, कामांवर बराच काळ घालवलाय आणि कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर साइटवरून शंका काढली की काय उत्तर येतं ते मला चांगलं माहीत आहे, तुम्ही तुमचं बघा.

डिझाइन तपासायची जागा वेगळी असायला हवी, आणि कागदावर ती होती. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ, एईआरबी, १५ नोव्हेंबर १९८३ ला स्थापन झालं. अणुप्रकल्पाला ते टप्प्याटप्प्याने परवानगी देतं, आधी जागा, मग बांधकाम, मग कमिशनिंग, मग चालवणं, आणि बांधकामातही खोदाई, पहिलं ओतकाम, मोठी यंत्रं बसवणं असे उपटप्पे. बांधणारी कंपनी एनपीसीआयएल, म्हणजे न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन, १९८७ मध्ये झालेली. डिझाइन बाहेरच्या खाजगी सल्लागाराकडून यायचं, एनपीसीआयएलच्या इंजिनिअरांनी ते तपासायचं, एईआरबीने स्वतंत्रपणे परत बघायचं. म्हणजे ड्रॉइंग साइटवर जायच्या आधी तीन जोड्या डोळे.

त्या वेळचे एईआरबीचे अध्यक्ष होते ए. गोपालकृष्णन, १९९३ ते १९९६. त्यांनी नंतर लिहून ठेवलंय की एनपीसीआयएलचे वरिष्ठ सिव्हिल इंजिनिअर आणि डिझाइन देणाऱ्या खाजगी फर्म ह्यांचे वर्षानुवर्षांचे घरोब्याचे संबंध होते, त्या दोस्तीत डिझाइनची व्हायला हवी तशी तपासणी न होताच ते साइटवर पोचलं. आणि पुढचं वाक्य जास्त भारी आहे, की एईआरबीकडे त्या वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअरच नव्हता, त्यामुळे त्यांची नेहमीची स्वतंत्र तपासणी झालीच नाही. हे स्वतः अध्यक्षाने सांगितलंय, कुठल्या आंदोलकाने नाही. जी संस्था अणुभट्टीच्या सगळ्यात मोठ्या काँक्रीटच्या भागाला परवानगी देणार तिच्याकडे काँक्रीट समजणारा माणूस नाही, फिजिक्सवाले असतील, रिअ‍ॅक्टरवाले असतील, पण घुमट बघणारं कोणी नाही.

पडल्यानंतरची गोष्टही वाचण्यासारखी आहे. गोपालकृष्णन यांनी स्वतंत्र तज्ज्ञांची समिती नेमली. त्यांनी १९९९ मध्ये उघड लिहिलं की अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांना ती समिती मागे घेतलेली हवी होती, चौकशी एनपीसीआयएलच्या एमडीने नेमलेल्या समितीवर सोडा असं म्हणणं होतं, आणि प्रकरण पार पंतप्रधान कार्यालयापर्यंत नेऊन त्यांच्यावर दबाव आणायचा प्रयत्न झाला. समिती मागे घेतली गेली नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं वेगळं असणार हे धरून चालू, पण एक गोष्ट वादातली नाही, एईआरबी आपला अहवाल ज्या अणुऊर्जा आयोगाला द्यायची त्याच आयोगाचा अध्यक्ष अणुऊर्जा खात्याचा सचिव असतो, आणि एनपीसीआयएल त्याच खात्याची कंपनी. म्हणजे ज्याचं बांधकाम तपासायचं त्याच्याच साहेबाला रिपोर्ट. ऑफिसंही मुंबईत अणुशक्तीनगरात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. २०१२ मध्ये कॅगने एईआरबीवर रिपोर्ट दिला त्यातही स्वायत्तता नाही हाच मोठा आक्षेप होता, म्हणजे घुमट पडल्यावर १८ वर्षांनी.

इथे मी गोपालकृष्णन यांच्याशी अर्धाच सहमत आहे. स्वायत्तता पाहिजे, वादच नाही. पण फक्त दोस्ती आणि दबाव ह्यावर सगळं ढकललं की एक अवघड प्रश्न निसटतो, कारण हेच अमेरिकेत झालं होतं, तेही आधी आणि दोनदा. फ्लोरिडात टर्की पॉइंटच्या तिसऱ्या युनिटचा घुमट १९७० मध्ये बांधकाम चालू असताना असाच पदर सुटून निघाला. मग फ्लोरिडातच क्रिस्टल रिव्हरचा, १९७६ मध्ये. तिथे कैगासारख्या दोस्तीची गोष्ट ऐकिवात नाही, १९७६ पर्यंत नियामकही वेगळा झाला होता, पैसा आणि माणसं भरपूर होती. तरी झालं. कारण नेहमीच्या शेल थिअरीने, म्हणजे पातळ वाकड्या कवचाच्या गणिताने, घुमट सोडवला की तुम्हाला पृष्ठभागाच्या दिशेचे ताण मिळतात, वाकवणारे जोर मिळतात, जाडीच्या दिशेचा ताण मिळतच नाही, थिअरीने तो आधीच शून्य धरलेला असतो. प्रिंटआउटमध्ये जो आकडा छापलाच जात नाही तो तपासणाऱ्याला दिसणार कुठून. तो हाताने काढावा लागतो, आणि हाताने काढायचं सुचायला आधी कुठेतरी काहीतरी पडलंय हे माहीत असावं लागतं. कैगाच्या वेळी पडलेलं होतं, दोन घुमट, १८ आणि २४ वर्षं आधी. स्वतंत्र पण न वाचणारा इन्स्पेक्टर असता तर त्यानेही हेच ड्रॉइंग पास केलं असतं असं माझं मत आहे. ज्यांना हे टोकाचं वाटतं त्यांनी क्रिस्टल रिव्हरचंच पुढे काय झालं बघावं, २००९ मध्ये स्टीम जनरेटर बदलायला कंटेनमेंटच्या भिंतीला मोठं भोक पाडताना त्याच प्लांटची भिंत पदर सुटून फाटली, दुरुस्त करता करता प्रकरण हाताबाहेर गेलं आणि २०१३ मध्ये प्लांट कायमचा बंद करायचं जाहीर झालं. त्याच प्लांटचा घुमट ३३ वर्षं आधी तसाच सुटलेला असताना.

बरं, चालू भट्टीवर पडलं असतं तर? गोपालकृष्णन यांचं म्हणणं की एवढा माल कंट्रोल रॉडच्या, म्हणजे भट्टी बंद करणाऱ्या दांड्यांच्या, यंत्रणेवर पडून तीच निकामी होऊ शकली असती. आपल्या ह्या भट्ट्यांमध्ये ती यंत्रणा भट्टीच्या डोक्यावर असते हे खरं आहे. पण स्ट्रेसिंगचा जोर पहिल्यांदा बसतो तेव्हाच घुमटाची एक मोठी परीक्षा होते, त्यामुळे तो बांधकामातच सुटण्याची शक्यता जास्त होती असं कोणी म्हटलं तर त्यातही तथ्य आहे. मला जास्त भीती मधल्या केसची वाटते, म्हणजे पदर आतल्या आत सुटलाय, पडला नाहीये, बाहेरून प्लास्टरसारखं गुळगुळीत दिसतंय, आणि सह्या होऊन युनिट चालू झालंय. टर्की पॉइंट आणि क्रिस्टल रिव्हरला साधारण असंच लपलेलं सुटणं होतं, तिथे ते सापडलं हे नशीब. कैगाला १३० टन पडले म्हणून निदान वाद घालायला जागा उरली नाही.

नंतरचं काम मात्र चांगलं झालं, हे म्हटलंच पाहिजे. राजस्थानात रावतभाट्याच्या ३ आणि ४ नंबरच्या युनिटला तसलेच घुमट होते, त्यामुळे प्रश्न दोन घुमटांचा नाही, चारांचा झाला. घुमट नव्याने डिझाइन केले, जाडीच्या दिशेने सळ्या दिल्या, आणि काँक्रीट एम ६० म्हणजे खूप जास्त ताकदीचं घेतलं, सिलिका फ्यूम ही बारीक पूड घातलेलं. आज एम ६० टॉवरवाले सहज मागवतात, पण नव्वदच्या दशकात भारतात एम ६० म्हणजे चेष्टा नव्हती, त्यातून घुमटासारख्या उतारावर, केबल आणि सळ्यांच्या जंगलात ते खेळवायचं. आपल्याकडे हाय परफॉर्मन्स काँक्रीटचा विषय गंभीरपणे सुरू व्हायला ह्या पडलेल्या घुमटाचा मोठा हात आहे. एईआरबीनेही सिव्हिल स्ट्रक्चरची माणसं घेतली, आणि अणुप्रकल्पातल्या सुरक्षेशी संबंधित सिव्हिल बांधकामांचं वेगळं मानक १९९८ मध्ये काढलं.

शेवटी युनिट २ आधी क्रिटिकल झालं, म्हणजे त्यातली अणुसाखळी पहिल्यांदा स्वतःहून चालू राहिली, २४ सप्टेंबर १९९९ ला, आणि ज्याचा घुमट पडला ते युनिट १ त्यानंतर वर्षाने, २६ सप्टेंबर २००० ला. आणि हेच युनिट १ पुढे १३ मे २०१६ ला चालू होऊन ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस चाललं, त्या वेळचा जागतिक विक्रम. पेपरात विक्रमाची बातमी सगळीकडे आली, घुमटाचा उल्लेख फार कमी ठिकाणी दिसला.

आता कोणी विचारेल की मग क्यूसीच्या पोराने साइटवर करायचं काय, डिझाइन तर त्याच्या हातात नाही. तीन गोष्टी मी सांगतो. एक, स्ट्रेसिंगच्या वेळी फक्त केबलची लांबी लिहून सुटायचं नाही, घुमटाचं किंवा स्लॅबचं लेव्हलिंग, म्हणजे उंचीचं माप, स्ट्रेसिंगच्या प्रत्येक टप्प्याला घ्यायचं, वरून पण आणि शक्य असेल तिथे खालून पण, कारण वरचा आणि खालचा पदर वेगवेगळा हलायला लागला तर ते इथेच पहिल्यांदा दिसतं. दुसरं, हातोडी. हसू नका, साध्या हातोडीने ठोकत गेलं की सुटलेला भाग पोकळ वाजतो, आणि शंका आली की मग इम्पॅक्ट एको, म्हणजे ठोक्याच्या प्रतिध्वनीवरून आतली फट शोधणं, मग कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा, काढून बघणं. तिसरं, जिथे जाडी बदलते, भोक आहे, केबलची गर्दी आहे, तिथलं ड्रॉइंग बघून कन्सल्टंटला लेखी विचारायचं की जाडीच्या दिशेने किती ताण येतोय आणि तो घ्यायला कुठल्या सळ्या दिल्यात, बार मार्क, म्हणजे ड्रॉइंगवरचा त्या सळीचा नंबर, सांगा. उत्तरात बार मार्क आला तर ठीक. "विश्लेषणात समाविष्ट आहे" असं आलं तर होल्ड पॉइंटवर सही करायची नाही.

आता कैगालाच ५ आणि ६ नंबरचे ७०० मेगावॉटचे युनिट मंजूर आहेत. ह्या ७०० च्या डिझाइनमध्ये आतल्या कंटेनमेंटला आतून स्टीलचा लायनर, म्हणजे पत्र्याचं अस्तर, असतो, गळती रोखायला ते उत्तमच आहे. पण लायनर लागला की काँक्रीटची आतली बाजू कायमची झाकली जाते, तिथे हातोडी पोकळ वाजली तरी लायनर सुटलाय की मागचं काँक्रीट हे बाहेरून कळत नाही. मग घुमटाच्या स्ट्रेसिंगच्या वेळी खालच्या बाजूची तपासणी कशाने करणार, काँक्रीटच्या आत आधीच गेज, म्हणजे ताण मोजणारी उपकरणं, घालून ठेवणार की सगळं वरच्या बाजूने वाचणार, आणि ते रीडिंग एईआरबीचा माणूस स्वतः घेणार की कंत्राटदाराने दिलेल्या शीटवर सही करणार, हे प्रश्न डक्ट बसवायच्या आधी विचारून ठेवावे लागतील, ओतकाम झाल्यावर आत गेज घालता येत नाही.